आवाज शून्यावर

२५ मे

काल माझ्या नवऱ्याला, लाझारला, जाऊन सहा महिने झाले. उकडलेले गहू, गोल पाव आणि वाइन घेऊन स्मशानात गेले, भेटेल त्याला वाटलं. घरी येऊन फाटकावर दुखवट्याचा नवा कागद चिकटवला. जुन्यावरचा त्याचा चेहरा उन्हाने पार उडाला होता. नव्यात तो पुन्हा ठळक झालाय, बसचालकाच्या टोपीत. येता-जाता मला त्याच्यासमोरून जावं लागतं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई नेदा, आल्या नाहीत. पाय चालत नाहीत म्हणाल्या. ते खरंच आहे, पण मुळात खाणंच बंद आहे. सकाळी दोन चमचे दही, संध्याकाळी तेही नाही. गुरुवारी डॉक्टरीण बाई आल्या होत्या. मला अंगणात नेऊन म्हणाल्या, "असंच चाललं तर हिवाळा बघायच्या नाहीत. त्यापेक्षा मोन्ताना शहरातल्या वृद्धाश्रमात टाका. तिथे नळीने तरी भरवतील."

बिल्यानाला फोन केला. माझी मुलगी, वालेन्सियात हॉटेलात कामाला आहे.

"मग ठेव ना आजीला तिथे," ती म्हणाली, "आणि तू इकडे ये."

जशा काही दोन बॅगा आहेत. एक ठेवायची, एक उचलायची.

मला स्वस्थ बसवत नाही. पुसलेलं पुन्हा पुसते. वाचायला बसलं की पान संपतं आणि काय वाचलं ते ठाऊक नसतं. आठवीत शाळा सुटली. मिरच्यांच्या कारखान्यात बरण्या भरता भरता, गावच्या वाचनालयातली कपाटंच्या कपाटं संपवत मी वाचायला शिकले. पुस्तकाने असं हात झटकणं पहिल्यांदाच.

२८ मे

करायला एक काम सापडलं.

निवृत्त झाल्यावर लाझारने त्याच्या सगळ्या तबकड्या आणि बसमधल्या कॅसेटी एका छोट्या संगणकात उतरवल्या होत्या. तो संगणक वरच्या खोलीत असतो. घरात चार ठिकाणी त्याने संगणकातलं गाणं बिनतारी पकडणाऱ्या लहान लहान डब्या बसवल्या: स्वयंपाकघरात, व्हरांड्यात, वरच्या खोलीत, आणि खाली आईंच्या खोलीतल्या मोठ्या लाकडी रेडिओला जोडून एक. वर बसून गाणं लावलं की घरभर तेच वाजायचं. फेब्रुवारीच्या वादळात वीज गेली-आली आणि राउटर जळला. इंटरनेटवाल्यांनी परवा नवा बसवून दिला, पण डब्या अजून जुन्यालाच शोधतायत. मालक बदलला तरी कुत्री जुन्याच शिट्टीची वाट बघतात, तसं.

नोव्हेंबरात वर्ष पुरं होईल, दुखवटा सुटेल. त्या दिवशी या घरात लाझारची गाणी वाजली पाहिजेत. तोवर सगळं नीट करून ठेवायचं.

शेजारच्या त्रेन्दाफिलाला सांगितलं तर ती कुंपणाला धरूनच उभी राहिली.

"वासिल्के, दुखवट्याच्या घरात गाण्याला हात लावतेस?"

"हात लावते," मी म्हटलं. "कान नाही लावत."

आईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: वर्षभर या घरात गाणं नाही, टीव्ही नाही, मोठ्याने हसणं नाही. रेडिओवर त्यांनी स्वतःच्या हाताने काळं फडकं टाकलं. तेव्हापासून मांजर त्यावरच झोपतं. त्याला फडकं आवडलं असावं.

४ जून

या यंत्रणेची माहितीपुस्तिका बिल्यानाने पाठवली, वाचनालयात छापून घेतली. मी ती कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचतेय. पहिल्यांदा कळत नाही. दुसऱ्यांदा निदान काय कळत नाही ते कळतं. जुना पासवर्ड लाझारच्या डोक्यात होता आणि तो घेऊन गेला. तेव्हा प्रत्येक डबीच्या पाठीमागच्या भोकात सुई घालून दाबून धरायची, म्हणजे ती सगळं विसरते. मग तिला नव्या घराचं नाव सांगायचं.

तीन डब्या विसरल्या. चौथी, आईंच्या खोलीतली, तेवढी बाकी. आई झोपल्या असताना गुपचूप करावी लागेल. रेडिओला हात लावलेला त्यांना खपणार नाही.

७ जून

चारही जोडल्या! पडद्यावर चार नावं एकाखाली एक आली. प्रत्येकासमोर आवाजाची पट्टी असते. चारही आधी शून्यावर ओढल्या, मग पुन्हा एकदा तपासल्या. नंतरच यादीतलं पहिलं गाणं लावलं. गाणं चाललंय हे दिसतं: एक रेघ पुढे सरकते, खाली मिनिटं पळतात. आवाज अर्थातच नाही. मी त्या रेघेकडे शेवटपर्यंत बघत बसले.

तेवढ्यात खालून आईंची हाक आली. धावत गेले. त्या पलंगावर उठून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"वर कोण आहे?"

"मीच."

"तूच?"

"मीच हो. दुसरं कोण असणार?"

मग म्हणाल्या, "स्वप्न पडलं. जा तू. तुझं काम कर."

संध्याकाळी अर्धा वाडगा सूप घेतलं. स्वतः मागून.

१५ जून

यंत्रणा दोन गाण्यांनंतर अडकते. स्वयंपाकघरातली डबी मागे पडते, व्हरांड्यातली गायब होते. माहितीपुस्तिका म्हणते, राउटर उंचावर ठेवा, जाड भिंती टाळा. हे घर लाझारच्या आजोबांनी दगडात बांधलंय. आता त्यांना काय सांगू?

चाचणीसाठी रोज तेच एक गाणं लावते, म्हणजे कुठे अडकलं ते नीट कळतं. आठवडाभर तेच.

आज आई भडकल्या. सूप घेऊन गेले तर म्हणाल्या, "रोज तेच, रोज तेच! जगात दुसरं काही नाहीच का? माणसाला वीट येतो!"

सुनांना ऐकवायचं तेवढंच त्यांच्यात जिवंत राहिलंय. पण म्हटलं, घेवड्याचं सूप खरंच चार दिवस चाललंय. उद्या चीज घालून पराठे करते.

१७ जून

पराठे खाल्ले, पण तोंड वाकडंच. दुपारी मी चुकून दुसरी तबकडी लावली, लग्नातल्या पितळी बँडची. संध्याकाळी खाली गेले तर आई खुशीत. "पराठे चांगले होते गं," म्हणाल्या. म्हणजे खाण्यात बदल हवा होता. आता रोज वेगळं करायचं.

११ जुलै

डॉक्टरीण बाईंनी आईंचं वजन केलं आणि काटा बिघडलाय का म्हणून स्वतः वर चढून बघितलं.

"काय करता तुम्ही यांना?"

"काही नाही. रोज वेगळं जेवण."

"मग करत राहा. वृद्धाश्रमाचं तूर्त राहू दे."

बिल्यानाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू येत नाहीस." मी म्हटलं, "म्हणजे आजी जेवतेय." एका वाक्याला दोन उत्तरं असतात.

आईंनी नवीनच तऱ्हा काढलीय. खुर्ची ओढून रेडिओला चिकटवलीय. डोकं त्याच्या लाकडाला टेकवून बसतात. आता पन्नास वर्षांची सोबत आहे म्हटल्यावर टेकेल माणूस. कानांनी तसंही त्यांना कमी ऐकू येतं. मी ओरडले तर उत्तर देतात, साधं बोलले तर नाही.

२ ऑगस्ट

व्हरांड्यातली डबी आता टिकते. राउटर कपाटावर ठेवला आणि मधे एक जास्तीची डबी लावली, जी आवाज पुढे ढकलते. खरं म्हणजे काम संपलंय. पण मी रोज दुपारी वर जाऊन एखादी तबकडी लावते, रेघ सरकताना बघते. मला हे असं बरं वाटतं. गाणं चाललंय आणि ऐकावं लागत नाही. लाझार बस धुताना काय लावायचा, मला घ्यायला कारखान्याच्या दारात यायचा तेव्हा काय वाजत असायचं, ते मी नावावरून वाचते आणि पुढे जाते. वर्ष झाल्यावर काय, हा विचार आला की मी खिडक्या पुसायला घेते.

आई दुपारचं जेवण झालं की लगेच विचारतात, "आज वर नाही का जायचं?"

"जाईन हो. भांडी तर होऊ देत."

"भांडी पळून जातायत का?"

म्हणजे मी डोळ्यांसमोरून हलावं एवढंच.

१९ ऑगस्ट

आईंची खोली झाडताना रेडिओला हात लागला. कोमट होता. उन्हाने असेल. मांजराला आईंनी हाकललंय, म्हणाल्या, "जागा माझी आहे."

१२ सप्टेंबर

आज मिरच्या भाजल्या. सगळ्या गल्लीला वास. त्रेन्दाफिला तिच्या अंगणात भाजत होती, मी माझ्या. मधेच हात पुसून मी वर गेले, एक तबकडी चालू करून आले. सवय झालीय आता, ती चालू असली की हातून काम होतं.

थोड्या वेळाने त्रेन्दाफिला फाटकात. हातात चिमटा तसाच.

"लाज नाही वाटत?"

"कशाची?"

"तुझ्या घरात बँड वाजतोय! वर्ष नाही झालं माणसाला जाऊन! म्हातारीच्या खिडकीखालून आले मी, या कानांनी ऐकलं."

"कान तपासून घे. सगळं शून्यावर आहे."

"शून्यावर! कॉम्प्युटर शिकली आणि मला आकडे शिकवतेय!"

मी तिला आत नेलं. व्हरांड्यात शांत. स्वयंपाकघरात शांत. आईंच्या दारात गेलो तर त्या पलंगावर ताठ बसलेल्या.

"आई, तुम्हाला काही ऐकू आलं?"

"मला?" त्या म्हणाल्या. "मी बहिरी आहे."

त्रेन्दाफिला पाय आपटत गेली. मला इतका संताप आला की चार मिरच्या कोळसा झाल्या. आमच्या आईंनी हा दुखवटा डोळ्यांत तेल घालून पाळलाय. गावात दुसरं घर दाखवावं असं.

१४ सप्टेंबर

झोप नाही. त्रेन्दाफिला आगाऊ आहे, पण खोटं बोलणारी नाही.

दुपारी वरून गाणं लावलं आणि आतून न जाता मागच्या दाराने अंगणात उतरले. भिंतीच्या कडेने आईंच्या खिडकीखाली गेले.

बँड वाजत होता. हळू, अगदी हळू, मधमाश्या खोक्यात असाव्यात तसा. पण वाजत होता.

खिडकीतून बघितलं. आईंनी रेडिओवरचं काळं फडकं कपाळावरून मागे ओढलं होतं आणि डोकं त्याच्या आत घातलं होतं, बाळाला पाजताना बाई पदर घेते तसं. फडक्याबाहेर फक्त त्यांचा हात दिसत होता. बोटं ठेका धरत होती.

वर जाऊन माहितीपुस्तिका उघडली. लिहिलंय तिथेच: डबी जुन्या रेडिओला जोडली तर आवाज पडद्यावरून कमी होत नाही, रेडिओच्याच बटणाने होतो. हे पान मी दोनदा वाचलं होतं. रेडिओ नोव्हेंबरपासून चालूच असणार. बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही, वर फडकं टाकलं आणि झालं. बटण लाझारने ठेवलं होतं तिथेच राहिलं.

तीन महिने जेवणाचं श्रेय मी माझ्या पराठ्यांना देत होते.

१५ सप्टेंबर

काय करायचं?

मला कळलंय असं आईंना कळलं तर त्या शरमेने त्याच क्षणी रेडिओ बंद करतील. मग वाडगा परत भिंतीकडे सरकवतील. ओळखते मी त्यांना. दुखवट्याचा नियम त्यांचाच आहे. स्वतःच्या नियमात सापडलेलं माणूस तोंड वर काढत नाही.

आणि गप्प राहिले तर त्रेन्दाफिला गावभर सांगतेय. आज पावाच्या दुकानात मी आत गेले आणि बोलणं थांबलं.

शून्यावर आहे असं मी आता शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून गेले तिच्याकडे.

"तुझं खरं होतं," मी म्हटलं. "मीच लावते. मला राहवत नाही."

तिला वाटलं होतं मी भांडायला आले. क्षणभर तिचा चेहरा मऊ झाला, मग पुन्हा आवळला. "आणि म्हातारीच्या खोलीत लावतेस? पोटचा पोर गेलाय तिचा!"

"बहिरी आहे ती," मी म्हटलं.

२९ सप्टेंबर

आता गाणी निवडून लावते. आधी यादीत हाताला लागेल ते लावायचे. आता विचार करते: आईंना तरुणपणी काय आवडत असेल, कुठला बँड त्यांच्या गावचा. वाचनालयात जाऊन जुन्या वादकांची माहिती वाचली. एका म्हाताऱ्या सनईवाल्याची तबकडी लावली त्या दिवशी आई दोन वाडगे सूप प्यायल्या आणि मला उगाचच म्हणाल्या, "तू तशी बरी आहेस."

गावात मात्र कुणी बरी म्हणत नाही. दरवर्षी मिरच्यांच्या बरण्या भरायला चौघी येतात, यंदा कुणी आलं नाही. एकटीने भरल्या. एकीने रस्त्यात विचारलं, "काळा रुमाल अजून आहे वाटतं डोक्यावर? गरम होत असेल." बिल्यानापर्यंतही पोचलं. "आई, लोक काय बोलतायत?" मी म्हटलं, "लोकांना मिरच्यांनंतर काम नसतं."

लिहिताना सोपं वाटतं. फाटकावरच्या लाझारसमोरून जाताना सोपं नाही. त्याच्यासाठी धरलेला दुखवटा मी मोडला, असं तो कागद वाचणारा प्रत्येकजण समजतो. आणि मी तर एक गाणंसुद्धा ऐकलेलं नाही. त्या दिवशी खिडकीखालीसुद्धा, बँड आहे एवढं कळताच मी कानांवर हात ठेवले होते.

२७ ऑक्टोबर

काल त्रेन्दाफिला आईंना भेटायला आली, सणाचा गोड पाव घेऊन. मी स्वयंपाकघरात होते. बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणून ती ओरडूनच बोलत होती, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"तुमची सून स्वतःच्या तोंडाने कबूल झालीय! म्हणाली, राहवत नाही!"

आईंचं उत्तर ऐकू आलं नाही. ती गेल्यावर मी आत गेले. पाव तसाच होता. रात्री जेवल्या नाहीत. आज सकाळीही नाही. दुपारी मी वरून सनई लावली आणि हळूच खाली आले: खुर्ची रेडिओपासून दूर, खिडकीशी. रेडिओ गार.

मी घाबरलेय. आठ दिवसांत सगळं परत पहिल्यासारखं होईल.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा शनिवार. सगळं गाव स्मशानात जातं. सकाळी मी गहू उकडून निथळत होते तेवढ्यात आई दारात उभ्या, काठी टेकत, काळा कोट घालून. आठवडाभर धड खाल्लेलं नाही.

"मला ने."

"चालत कशा येणार तुम्ही?"

"चालत येते असं कोण म्हणालं?"

शेणखताची एकचाकी गाडी धुतली, उशी टाकली, त्यात त्यांना बसवलं. अख्ख्या रस्त्याने ढकलत नेलं. लोक बाजूला होत होते. आई समोर बघत, मांडीवर वाइनची बाटली, जशा बग्गीत बसल्यात. "खड्डे बघून चालव," एवढंच एकदा म्हणाल्या.

लाझारच्या थडग्याशी गर्दी होती, त्रेन्दाफिला गव्हाचं भांडं आणि चमचा घेऊन पुढेच. आईंनी बाटली उघडायला सांगितली. आमच्याकडे दुखवट्यात घरात लग्न निघालं तर थडग्यावर वाइन ओतून गेलेल्याची परवानगी मागतात. बाटली हातात घेऊन आई वाकल्या तसं सगळ्यांना तेच वाटलं.

"कुणाचं लग्न?" त्रेन्दाफिलाने विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"तू गप बस," आई म्हणाल्या. मग मातीकडे तोंड करून, घरात बोलतात तशा बोलल्या. "लाझार, तुझ्या वर्षाला अजून थोडे दिवस आहेत. पण मी गाणी ऐकते. जूनपासून ऐकते. हिला ठाऊक नव्हतं. ही वर बसून बटणं दाबायची, आधी तर आंधळ्यासारखी, आठवडाभर एकच. नंतर चांगली लावायला लागली, तेव्हाच मला कळलं की हिला कळलंय. आणि हिने गावात सगळं स्वतःवर घेतलं, 'मीच लावते' म्हणून. पोरा, गाण्याशिवाय माझं वर्ष निघालं नसतं. रागावला असशील तर माझ्यावर रागव, आणि नसशील तर मला ऐकू दे."

त्यांनी बाटली उपडी केली. सगळी. मातीने ती पिऊन टाकली.

मग त्या सरळ झाल्या. "त्रेन्दाफिला, गहू दे. धरून काय उभी आहेस?"

त्रेन्दाफिलाने दिले. आईंनी खाल्ले, आणि चमचा परत न करता पुढे केला. तिने पुन्हा भरला.

परत येताना गाडी तिने ढकलली. मला हात लावू दिला नाही. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "वासिल्के, म्हातारी हलकी नाही गं." मी म्हटलं, "जूनमध्ये हलकी होती."

घरी आल्यावर बटाटे चुलीवर टाकले, वर जाऊन सनई लावली आणि खाली आले. आईंनी रेडिओवरचं फडकं काढून घडी घातली होती. बटण फिरवलं होतं. आता सनई खोलीभर होती.

"मी बटाटे बघते," मी म्हटलं.

त्यांनी माझा झगा धरला. मुठीत, घट्ट.

"तू एकदाही ऐकलं नाहीस ना?"

"आई, बटाटे लागतील."

"लागू देत. बस."

मी खाली बसले, त्यांच्या पायाशी. सनई संपली, तबकडीवरचं पुढचं सुरू झालं. ते मला ठाऊक होतं. कारखान्याच्या दारात बस उभी असायची तेव्हाचं. मी तोंडावर हात ठेवला. आईंनी माझा काळा रुमाल मागून सोडला, डोक्यावरून काढून घेतला आणि त्यानेच माझे डोळे पुसले. मग तो स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला. मागितला असता तरी दिला नसता.

गाणं संपेपर्यंत बटाटे खाली लागले होते. आम्ही तेच खाल्ले. आईंनी पातेलं ओढून घेतलं आणि तळाचे खरवडून काढले.